लाळग्रंथींची सोनोग्राफी

कानापुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींची ध्वनिलहरींनी केलेली तपासणी. शोग्रेन या स्वयंप्रतिरक्षा आजारात ती विशेष उपयोगी पडते. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्यांनी १९३३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. रुग्णांत बायकाच फार, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या.

इंदूरच्या रामबाग, राजेंद्रनगरातल्या मराठी घरांत सकाळी पोह्यांवर शेव हवीच. तो कोरडा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेनासा झाला, की आधी उन्हाळ्याला आणि वयाला बोल लावला जातो. मधुमेहाने आणि काही औषधांनीही तोंड कोरडे पडते, हे खरे. पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल आणि सांधेही दुखत असतील, तर एवढ्यावर थांबू नये.

सोनोग्राफी म्हटले की पोटाचीच, असा समज आहे. केंद्राच्या दारावर १९९४ च्या कायद्यानुसार लावलेली गर्भलिंग न सांगण्याची पाटी पाहून पन्नाशीची बाई संकोचते. तिला आधीच समजावून सांगणे डॉक्टरांचे कामच आहे. उपाशीपोटी यावे लागत नाही. मान किंचित वळवून, जेल लावून चारही ग्रंथींवरून प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण, फिरवतात. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

निरोगी ग्रंथी एकसारखी, शेजारच्या स्नायूहून उजळ दिसते. आजारात तिच्यात काळे ठिपके उमटतात. ते वाढले की अनरशाला जाळी पडावी तसे चित्र दिसते. ऑमेरॅक्ट या आंतरराष्ट्रीय गटाच्या पद्धतीत ० ते ३ अशी श्रेणी देतात: ० म्हणजे निरोगी, ३ म्हणजे ठिपके ग्रंथीभर पसरलेले किंवा ग्रंथी तंतुमय झालेली.

२०१६ च्या अमेरिकी-युरोपीय वर्गीकरण निकषांत ओठाची बायॉप्सी (आतल्या छोट्या लाळग्रंथींचा नमुना काढून तपासणे) आणि अँटी-रो प्रतिपिंडे (रक्तात सापडणारी, शरीराच्याच प्रथिनांवर उलटणारी) यांना प्रत्येकी ३ गुण आहेत, डोळ्यांच्या दोन चाचण्या आणि लाळेचे मापन यांना प्रत्येकी १; आजार शोग्रेन ठरायला एकूण ४ लागतात. सोनोग्राफीला त्यांत जागा नाही. ती मिळायला हवी, कारण ग्रंथीची खुद्द अवस्था ती वेदनेशिवाय दाखवते. मात्र सुरुवातीला चित्र निर्दोष असू शकते, आणि सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार) किंवा एचआयव्हीतही असेच ठिपके दिसू शकतात. म्हणून रक्ततपासणी सुटत नाही.

शोग्रेनच्या रुग्णांत लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचा, धोका इतरांहून बराच जास्त असतो. एका बाजूची सूज टिकून राहिली किंवा कडक गाठ लागली, तर पुन्हा सोनोग्राफी करतात आणि तिच्याच आधारे गाठीत सुई घालून नमुना घेतात.