कंट्रोलर म्हणजे धाकटा सीएफओ नव्हे

लुका माएस्त्री मार्च 2013 मध्ये ॲपलमध्ये आले, तेव्हा दोन मोठ्या कंपन्यांचं सीएफओपद (मुख्य वित्त अधिकाऱ्याचं पद) त्यांनी आधीच सांभाळलेलं होतं: नोकिया सीमेन्स नेटवर्क्स आणि झेरॉक्स. त्याआधीची वीसेक वर्षं जनरल मोटर्समध्ये गेलेली. तरी ॲपलमध्ये त्यांना पद मिळालं ते कॉर्पोरेट कंट्रोलरचं, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि लेखा-अहवाल सांभाळणाऱ्याचं. पुढच्याच वर्षी पीटर ओपेनहायमर निवृत्त झाले आणि माएस्त्री सीएफओ झाले. ओपेनहायमर स्वतःही 2004 मध्ये सीएफओ होण्याआधी कंट्रोलरच होते. लागोपाठ असे दोन दाखले पाहिले की कंट्रोलर म्हणजे रांगेत थांबलेला सीएफओ, असं कुणालाही वाटेल. काही कंपन्यांत कंट्रोलरच्या पदाला चीफ अकाउंटिंग ऑफिसर (प्रमुख लेखा अधिकारी) म्हणतात, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते.

फरक सांगताना एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: कंट्रोलर झालेल्याचा हिशेब ठेवतो, सीएफओ होणाऱ्याचा विचार करतो. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत ते टिकत नाही. त्यासाठी सर्व्हरचा हिशेब पाहू.

डेटा सेंटरवर यंदा किती पैसा घालायचा, तो शिलकीतून काढायचा की रोखे विकून उभारायचा, आणि एवढा खर्च का, हे गुंतवणूकदारांना कसं पटवायचं, हा सगळा सीएफओचा प्रांत. पण सर्व्हर घेतला म्हणून त्याची सगळी किंमत त्याच वर्षीच्या खर्चात जात नाही. तो जितकी वर्षं चालेल असं धरलं जातं, तितक्या वर्षांवर ती घसारा म्हणून वाटली जाते. किती वर्षं धरायची, हा अंदाज कंट्रोलरचा विभाग मांडतो. त्याला पुरावे जोडतो आणि लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटने 2023 च्या सुरुवातीला सर्व्हरचं आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षांवर नेलं. या आणि नेटवर्क उपकरणांच्या अशाच बदलामुळे त्या वर्षाचा घसारा सुमारे 340 कोटी डॉलरनी कमी होईल, असा कंपनीचा अंदाज होता. म्हणजे जास्तीची एकही जाहिरात न विकता करपूर्व नफ्यात तेवढी वाढ! ॲमेझॉनने 2024 मध्ये पाचाची सहा वर्षं केली आणि 2025 मध्ये काही सर्व्हरांसाठी सहाची पुन्हा पाच. एआयमुळे तंत्रज्ञान झपाट्याने बदलतंय, हे कारण दिलं. आता यात झालेलं काय आणि होणारं काय? कंट्रोलरचा हा अंदाजही पुढच्या वर्षांबद्दलचाच आहे.

माझ्या मते खरा फरक मोकळीकीचा आहे. सीएफओला निवड करता येते. माएस्त्रींनी फेब्रुवारी 2018 मध्ये जाहीर केलं की ॲपलची रोकड आणि कर्ज हळूहळू एकमेकांच्या बरोबरीला आणायचं; तेव्हा कर्ज वजा जाता कंपनीकडे 16,300 कोटी डॉलर शिल्लक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी सांगितलं की यापुढे किती आयफोन विकले, हा आकडा दर तिमाहीला देणार नाही. विश्लेषक नाराज झाले, पण तो आकडा द्यायची सक्ती कुठल्या नियमात नव्हती. कंट्रोलरला असं ‘आम्ही ठरवलं’ म्हणता येत नाही. आयफोनच्या किमतीत आयक्लाउड, सिरी, मॅप्स आणि पुढची सॉफ्टवेअर अपडेट्सही येतात. म्हणून किमतीचा थोडा भाग विक्रीच्या दिवशी महसुलात धरता येत नाही, तो पुढे टप्प्याटप्प्याने धरावा लागतो. तिमाही कितीही वाईट जात असली, तरी यात सूट नाही.

आणि म्हणूनच कंट्रोलरने सीएफओला ‘नाही’ म्हणणं हा त्याच्या कामाचा गाभा आहे. ते न म्हटल्याने काय झालं, याचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण अमेरिकेच्या दूरसंचार क्षेत्रातलं आहे. वर्ल्डकॉम ही कंपनी इतर कंपन्यांच्या लाइन वापरण्याचं भाडं देत असे. हा रोजचा चालू खर्च. सीएफओ स्कॉट सलिव्हन यांच्या सांगण्यावरून तो भांडवली खर्च म्हणून, म्हणजे सर्व्हरसारखा अनेक वर्षांवर वाटायचा खर्च म्हणून, दाखवला जाऊ लागला. कंट्रोलर डेव्हिड मायर्स यांनी तशा नोंदी करवून घेतल्या. जून 2002 मध्ये कंपनीने 380 कोटी डॉलरची गडबड कबूल केली, पुढे तो आकडा 1,100 कोटींवर गेला. सलिव्हन यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, मायर्स यांना एक वर्ष आणि एक दिवसाची. त्या नोंदींना आधार नाही, हे मायर्स यांना कळत होतं. वरून आलेला शब्द मोडणं त्यांना जमलं नाही.

कारकिर्दीच्या वाटा पाहिल्या तरी ही दोन पदं एका जिन्याच्या पायऱ्या वाटत नाहीत. एमी हूड गोल्डमन सॅक्समधून 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टला आल्या, त्या गुंतवणूकदार संपर्काच्या कामासाठी. 2013 मध्ये त्या सीएफओ झाल्या. रूथ पोराट मॉर्गन स्टॅन्लीत बँकर होत्या, तिथल्याच सीएफओ झाल्या आणि 2015 मध्ये गूगलमध्ये आल्या. मेटाच्या सुझन ली यांची सुरुवातही मॉर्गन स्टॅन्लीतलीच. माएस्त्रींनंतर 2025 च्या आरंभी ॲपलचे सीएफओ झालेले केवन पारेख मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आर्थिक नियोजन आणि विश्लेषण ही त्यांची वाट. कंट्रोलर मात्र बहुधा लेखापरीक्षण संस्थांमधून घडून येतात. तिमाहीचं क्लोजिंग (हिशेब पूर्ण करून बंद करणं), अंतर्गत नियंत्रणं, लेखा मानकं यांतच त्यांची हयात जाते. त्यांतला एखादा सीएफओ झाला तर उत्तमच. पण कंट्रोलरची खुर्ची केवळ बढतीची पायरी म्हणून कुणी घेतली, तर मला काळजी वाटते. ज्याला अडवायचं, त्याच्याच शिफारशीवर पुढची बढती अवलंबून राहते.

वर्ल्डकॉमचा घोटाळा उघड झाल्यावर पाच आठवड्यांतच अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. तिथल्या कंपन्यांचा 10-के हा वार्षिक अहवाल काढून सह्यांचं पान पाहा. सीईओ आणि सीएफओ यांच्यासोबत प्रमुख लेखा अधिकाऱ्याचीही सही लागते. मायक्रोसॉफ्टच्या अहवालात एमी हूड यांच्याखेरीज ॲलिस जोला यांची सही असते, ती याच नात्याने. आकडे खरे असल्याचं प्रमाणपत्र मात्र वेगळं जोडलेलं असतं. त्यावर फक्त सीईओ आणि सीएफओ सही करतात, आणि ते जाणूनबुजून खोटं दिल्याचं सिद्ध झालं तर 20 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.