साखळीच्या पेटंटला ‘यात नवीन काय?’ म्हणून विरोध करायचा तर

कन्व्हेयरच्या साखळीत कुणी लिंक प्लेटला (दुव्याच्या पट्टीला) जरा वेगळा बाक दिला आणि पेटंटसाठी अर्ज केला. कुठल्याही जाणत्या फिटरला हे सुचलं असतं असं तुम्हाला वाटतंय? मग पेटंट कायदा १९७०चं कलम २५ तुमच्यासाठी आहे. (नुसत्या बाह्यरूपाची नोंदणी डिझाइन कायद्याखाली होते. तो मार्ग वेगळा.)

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही नमुना ७-अ भरून विरोध करू शकतो. प्रसिद्धीनंतर सहा महिने पेटंट दिलं जात नाही, तेवढी मुदत हमखास मिळते. पूर्वी याला शुल्क नव्हतं. २०२४च्या दुरुस्तीनंतर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ४,००० रुपये, इतरांना २०,००० रुपये पडतात. पेटंट मिळून गेलं असेल, तर त्याच्या प्रसिद्धीपासून वर्षभरात नमुना ७. इथे मात्र तुमचा हितसंबंध हवा. साखळ्या बनवणाऱ्याला तो दाखवणं जड जात नाही.

खरी मेहनत कागदपत्रांची. ‘आम्ही हे कधीपासून करतोय’ एवढ्याने भागत नाही. अर्जदाराच्या अग्रक्रम तारखेआधीचे (म्हणजे त्याने या शोधासाठी पहिला अर्ज केला त्या तारखेआधीचे) कॅटलॉग, जुनी पेटंटं, तारखेसह ड्रॉइंग, विक्रीची बिलं आणि जाणकाराचं प्रतिज्ञापत्र जोडा. एका कॅटलॉगात पिन, दुसऱ्यात बाक असेल, तर ते दोन्ही एकत्र करणं कारागिराला का सुचलं असतं, तेही लिहा. बहुतेक विरोध इथेच लंगडे पडतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद प्रकरणात, लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचं पेटंट रद्द ठरवताना, नुसती कारखान्यातली सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असं सांगितलं. अमेरिकेत रेक्सनॉर्ड आणि हबासिट या कंपन्यांमधला वाद तर तुकडे जोडून बनवलेल्या कन्व्हेयर पट्ट्याचा. बोट अडकू नये म्हणून फट १० मिमीपेक्षा कमी ठेवणं, हा त्यातला कळीचा मुद्दा. २०१३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते उघड सुचण्यासारखं मानलं.

विरोध त्याच पेटंट कार्यालयात दाखल होतो, जिथे मूळ अर्ज आहे. महाराष्ट्रातल्या अर्जदाराचा अर्ज सहसा मुंबईत असतो. कंट्रोलरला (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला) प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर अर्जदाराला उत्तरासाठी दोन महिने मिळतात. सुनावणी हवी असेल तर तशी विनंती विरोधासोबतच लिहून द्या.