लोखंडी खांब ट्रॅक्टरने रोवताना: दाबायचा की ठोकायचा?

कुंपणाचे लोखंडी खांब रोवायचे म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी हेच येतं, की ट्रॅक्टरला पुढे लोडर (माती उचलायची बकेट लावलेले हात) आहेच, खांब उभा केला आणि वरून बकेटने दाबला की झालं काम. जमीन ओली असेल तर जमतंही. पण जरा कडक थर लागला की खांब जागेवरच अडतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातात, मग इंजिन कितीही हॉर्सपॉवरचं असू दे, काही उपयोग नाही, कारण इथे जोर इंजिनचा नाहीच, ट्रॅक्टरच्या वजनाचा आहे.

हिशोब साधा आहे. लोडरसकट ट्रॅक्टर २००० किलोचा धरा, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे, आणि बकेट त्याच ॲक्सलपासून ३.२ मीटर लांब. तरफेच्या नियमाने बकेटखाली जास्तीत जास्त ५०० किलोचा दाब मिळतो, त्यापुढे पुढची चाकं उचललीच जाणार. मागे वजन बांधलं तर दाब वाढेल असं वाटतं पण उलट होतं, ॲक्सलच्या मागचं वजन पुढचं टोक आणखी हलकं करतं.

आता घण बघा. ट्रॅक्टरच्या मागे थ्री-पॉइंट लिंकेजला (अवजार जोडायच्या तीन दांड्यांना) लावायचं पोस्ट ड्रायव्हर, म्हणजे खांब ठोकायचं यंत्र मिळतं, त्यात हायड्रॉलिक सिलिंडर घण वर उचलतो आणि सोडून देतो. २०० किलोचा घण १ मीटरवरून पडला तर साधारण २००० ज्यूल ऊर्जा मिळते, आणि खांब एका ठोक्यात ५ सेंटिमीटर गेला तर सरासरी जोर निघतो ४०,००० न्यूटन, म्हंजे जवळपास ४ टन! निम्मी ऊर्जा आवाजात, उसळण्यात गेली असं धरलं तरी २ टन उरतात. अंगठ्याने खिळा लाकडात जात नाही आणि हलक्या हातोडीने जातो, तसंच हे. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: जमीन जितकी कडक तितका खांब कमी सरकतो, मग ऊर्जा कमी अंतरात संपते आणि जोर आपोआप वाढतो. दाबण्यात हे होत नाही, तिथे ५०० म्हणजे ५०० च.

दाबण्यात दुसरी अडचण वाकण्याची. उभ्या दांड्यावर वरून भार वाढवत नेला की एका मर्यादेला तो अचानक बाजूला वाकतो, याचं गणित १८व्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. त्यानुसार लांबी दुप्पट झाली की दांडा चौथ्या हिश्श्याच्या भारालाच वाकतो. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल (L आकाराचा लोखंडी खांब), खाली नीट पकडलेला आणि वर २ मीटर मोकळा असेल तर साधारण पावणेतीनशे किलोलाच वाकायला लागतो. पण तोच खांब वरच्या टोकाला बाजूने हलणार नाही असा धरला तर हिशोबाने सुमारे ८ पट भार सोसतो. म्हणून ड्रायव्हरला खांबाचं डोकं बसवायला टोपी आणि सरळ ठेवायला गाईड असतो, तो शोभेचा नाही. आणि म्हणूनच खांब हाताने धरून बकेटखाली माणूस उभा करायचा नाही, कधीच नाही. वाकलेला खांब बकेटखालून निसटला की त्यात साठलेली ऊर्जा एकदम सुटते, आणि तिथून बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. जमिनीखाली केबल किंवा पाईप आहे का, वरून विजेच्या तारा जातायत का हेही आधीच बघून ठेवायचं.

काही जण ऑगरने (जमिनीत भोक पाडणाऱ्या मोठ्या गिरमिटाने) खड्डा घेऊन खांब उभा करतात आणि माती भरतात. खडकाळ जमिनीत तेच करावं लागतं, पण भरलेली माती कितीही ठोकली तरी मूळ मातीइतकी घट्ट बसणं अवघड असतं. ठोकलेला खांब मात्र माती बाहेर काढत नाही, बाजूला सारतो, आणि ती सारलेली मातीच त्याला आवळून धरते.

खोलीत मात्र कंजूसपणा करू नका. बेंग्ट ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये बाजूने भार येणाऱ्या खांबांसाठी जी सूत्रं दिली, त्यानुसार वाळूच्या जमिनीत, तार १.२ मीटर उंचीवर ओढत असेल तर खोली ४५ वरून ६० सेंटिमीटर केल्यावर खांब दुपटीहून जास्त ओढ सहन करतो, फक्त १५ सेंटिमीटर जादा घातल्यावर! कोपऱ्याच्या खांबावर तर सगळ्या तारांची ओढ कायमची असते, त्याला जाड पाईप आणि तिरका टेकू हवाच.

चिकण मातीत अजून एक गोष्ट. खांब ठोकताना मातीतल्या पाण्यावर दाब येतो आणि तेवढ्यापुरती खांबाभोवतीची पकड कमी होते. मग तो दाब हळूहळू उतरतो, माती परत आवळते आणि खांब पहिल्या दिवसापेक्षा घट्ट होतो. त्यामुळे अशा जमिनीत खांब रोवल्या रोवल्या तारा पूर्ण ताणायला घेऊ नका, थोडे दिवस जाऊ द्या आणि मगच पुलर (तार ताणायचं अवजार) लावा.