कॉम्प्युटर वाटेत फुटला, भरपाई मिळेना: अर्ज नेमका कुठे अडतो

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्यातली नोकरी सोडून गावी परतणारी मुलं, बदली झालेली माणसं डेस्कटॉप कुरिअरने नाहीतर ट्रान्सपोर्टने पाठवतात, आणि त्यातली फुटलेली खोकी माझ्या टेबलावर उघडतात. कंपनीला द्यायचा नुकसानीचा दाखला मीच लिहून देतो. त्यातले बरेच दाखले वाया गेलेले मी पाहिले आहेत, कारण बुकिंगच्या दिवशी पावतीवर जे लिहिलं गेलं तिथेच तो दावा संपलेला असतो. म्हणून हे सगळं माल पाठवायच्या आधी वाचा.

पावतीवरचे दोन रकाने

लातूरचा एक मुलगा आला होता. खोक्याचा एक कोपरा आत दबलेला. साइड पॅनेल काढलं तर ग्राफिक्स कार्ड तळाशी पडलेलं आणि मदरबोर्डवरचा त्याचा स्लॉट मुळासकट उपटून आलेला. मशीन साठेक हजारांचं. पावती बघितली तर त्यावर होतं: 'ओल्ड कॉम्प्युटर, 1 नग, व्हॅल्यू 500, ओनर्स रिस्क', म्हणजे नुकसानीची जोखीम मालकाचीच. हे त्याने लिहिलं नव्हतं, काउंटरवरच्या माणसाने लिहिलं होतं. 'जास्त किंमत टाकली तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागेल,' असं त्याला सांगितलं गेलं आणि त्याने सही केली. कंपनीने पाचशे रुपये देऊ केले.

पहिला रकाना किमतीचा. ई-वे बिलाची ही भीती बिनबुडाची आहे. वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना ई-वे बिलातून सूट आहे, किंमत 50,000 च्या वर असली तरी. फक्त एक साधं स्वघोषणापत्र जोडा: 'हा माझा स्वतःचा वापरलेला संगणक आहे, विक्रीसाठी नाही, अंदाजे किंमत इतकी.' खाली सही, तारीख, आधारची प्रत. एक प्रत खोक्यावर चिकटवा आणि दुसरीवर काउंटरचा शिक्का घेऊन स्वतःकडे ठेवा. शिक्का द्यायला कुरकुर करतील, तरी घ्या.

दुसरा रकाना जोखमीचा. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीला 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा लागू होतो आणि त्यात घरपोच माल नेणाऱ्या कुरिअर एजन्सीही येतात. जादा जोखीम दर भरला नसेल तर त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि तीही तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे 900 रुपये भाडं दिलं असेल तर जास्तीत जास्त 9,000. हा जादा दर पावतीवर बहुधा 'एफओव्ही' किंवा 'कॅरिअर्स रिस्क' अशा नावाने असतो. तो मागा, भरा आणि आकडा पावतीवर उमटलाय ना ते तिथेच उभं राहून वाचा.

'मागच्या बाजूचं बारीक छापील कोण वाचतं, कोर्टात टिकणार नाही ते,' असं लोक म्हणतात. सही केलेली असेल तर टिकू शकतं. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या 1996 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या कागदावरची 100 डॉलरची मर्यादा कायम ठेवली होती. तेव्हा सही करायच्या आधी पावती उलटून बघा.

'इन्शुरन्स केलाय' म्हणजे काय केलंय?

पॅकर्स अँड मूव्हर्सवाले किमतीच्या काही टक्के 'इन्शुरन्स' म्हणून घेतात आणि बिलात तशी ओळही टाकतात. दावा करायची वेळ आली की कळतं, पॉलिसी काढलेलीच नाही. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी किंवा सर्टिफिकेटचा नंबर हातात आल्याशिवाय ते पैसे देऊ नका.

पॉलिसी खरी असेल तर ती कुठल्या क्लॉजची, म्हणजे कोणत्या अटींच्या प्रकाराची आहे तेही विचारा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात 'ए' क्लॉज व्यापक असतो. 'बी' मध्ये आग, वीज पडणं, गाडीची टक्कर किंवा उलटणं अशी ठरावीक कारणंच येतात. हमालाच्या हातून खोकं आपटलं तर 'बी' कामाचा नाही, आणि कॉम्प्युटर फुटतात ते बहुतेक असेच.

पॅकिंग: दावा फेटाळायचं सर्वांत सोपं कारण

'अपुरं पॅकिंग' हे दोन शब्द लिहिले की क्लेम बंद होतो. 'ए' क्लॉजमध्येसुद्धा अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवरचा उभा जड कूलर काढून वेगळे बांधा. खाली-वर होणाऱ्या गाडीत त्यांचं वजन मदरबोर्डला झोके देत राहतं, आणि त्या लातूरच्या मशीनचं तेच झालं होतं. कार्ड अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून जपणाऱ्या) पिशवीत घाला. काचेचं साइड पॅनेल काढून वेगळं पाठवा. हार्ड डिस्क शक्यतो स्वतःजवळ बाळगा, कारण डेटाची भरपाई कोणी देत नाही. कॅबिनेटचं मूळ खोकं थर्माकोलसह असेल तर उत्तम, आणि ते दुसऱ्या मोठ्या खोक्यात घालून मधली जागा गच्च भरा. यूपीएस सोबत बांधू नका. त्याच्या लेड-ॲसिड बॅटरीमुळे विमानाने जाणारं पार्सल अडवलं जाऊ शकतं.

प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. मशीन चालू असल्याचा व्हिडिओ करा आणि त्यात सिरियल नंबर दिसू द्या. 'आधीपासूनच बंद होतं' या आक्षेपाला दुसरं उत्तर नसतं.

कोणाकडेच नसलेला कागद

बाकी कागद सोपे आहेत: पावतीच्या दोन्ही बाजू, फोटो, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, नुकसानीचा दाखला. सगळे अडतात ते खरेदीच्या बिलाशी. ब्रँडेड मशीन असेल तर एकच बिल मिळतं. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर एका दुकानातून, रॅम ऑनलाइन, कॅबिनेट मित्राकडून, आणि निम्म्या वस्तू कच्च्या बिलावर घेतलेल्या. मग 'इनव्हॉइस नाही' एवढं एक वाक्य लिहून अर्ज परत येतो, आणि माणूस तिथेच हार मानतो.

हार मानू नका. ऑनलाइन घेतलेल्या भागांची बिलं त्या खात्यातून पुन्हा डाउनलोड होतात. जीएसटी लावून विकलेल्या दुकानदाराकडे नोंद असते, दुय्यम प्रत मागता येते. उरलेल्या भागांसाठी बँकेचं किंवा यूपीआयचं स्टेटमेंट लावा. आणि पाठवायच्या आधी एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून लेटरहेडवर मूल्यांकन करून घ्या: कोणता भाग, सिरियल नंबर काय, आजची किंमत किती. आजची किंमत म्हणजे घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, वजा जाता. तीन वर्षांपूर्वीच्या बिलाचा आकडा तसाच मागितलात तर सगळा अर्जच संशयास्पद ठरतो.

दारात खोकं आलं की

डिलिव्हरीवाला घाईत असतो, मोबाइल पुढे करतो, आपण काचेवर बोट फिरवून सही करतो. त्या सहीचा अर्थ 'माल सुस्थितीत मिळाला'. खोकं दबलेलं, ओलं किंवा पुन्हा टेप मारलेलं दिसलं तर आधी पोच पावतीवर शेरा लिहा: 'खोक्याचा उजवा कोपरा दबलेला, आतला माल न तपासता स्वीकारला.' फक्त मोबाइलवरच सही घेत असेल तर त्याच्यासमोर खोक्याचा फोटो काढा आणि तो जायच्या आत कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल टाका. ईमेलवर पडलेली वेळ हाच तुमचा शेरा.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ करा, लेबलपासून सुरुवात करून. आणि एक कळकळीची विनंती: लगेच दुरुस्त करून घेऊ नका. परीक्षेचा अभ्यास असतो, ऑफिसचं काम अडलेलं असतं, मला समजतं. पण कंपनीचा माणूस किंवा नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत, किंवा 'दुरुस्ती करा' असं त्यांच्याकडून लेखी येईपर्यंत, मशीन आणि ते फाटकं खोकं दोन्ही तसंच ठेवा. खोकं रद्दीत गेलं की पॅकिंगचा पुरावाही गेला.

मुदत कोणत्या दिवसापासून?

सर्वांत जास्त दावे इथे बुडतात. कॅरेज बाय रोड कायद्यात लेखी नोटीस द्यायला 180 दिवस आहेत आणि ते मोजायचे बुकिंगच्या तारखेपासून. लोक डिलिव्हरीपासून मोजतात. काहीजण कंपनीचं उत्तर येईल म्हणून थांबतात, आणि 'तुमची तक्रार तपासात आहे' या मेलवर चार महिने निघून जातात. तक्रार क्रमांक मिळाला म्हणजे नोटीस दिली असं धरून चालू नका. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोच मिळेल अशा पद्धतीने वेगळं पत्र पाठवा. त्यात बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल-पावती) किंवा कुरिअरच्या पावतीचा नंबर, तारीख, नुकसान आणि मागणीची रक्कम लिहा. शिवाय पावतीच्या मागे कंपनीची स्वतःची छोटी मुदत छापलेली असू शकते, काही तासांची किंवा दिवसांची. पहिला ईमेल त्या मुदतीत जायलाच हवा.

अर्ज कोणी करायचा यावरूनही टोलवाटोलवी होते. वडिलांनी नागपुरात बुक केलं, मुलाने पुण्यात घेतलं, तक्रार मुलाने केली, तर कंपनी म्हणते पाठवणाऱ्याने करा. करार पाठवणाऱ्याशी असल्याने अर्ज त्याच्याच नावाने करा आणि घेणाऱ्याला अधिकारपत्र द्या. दोन ओळींचा कागद पुरतो.

रेल्वे आणि पोस्ट

रेल्वे पार्सलमध्ये किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क भरलं नाही तर जबाबदारी किलोला 50 रुपयांवर थांबते. 15 किलोच्या कॉम्प्युटरचे होतात 750 रुपये. खोकं फुटलेलं दिसलं तर पार्सल ऑफिसात 'ओपन डिलिव्हरी' मागा, म्हणजे रेल्वेच्या माणसांसमोर खोकं उघडून माल ताब्यात घ्या. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 81 नुसार ती द्यावी लागते, आणि तिथे होणारी नोंद हा तुमचा सर्वांत भक्कम कागद असतो. दाव्याची नोटीस माल रेल्वेकडे सोपवल्यापासून सहा महिन्यांत द्यायची. ती नाकारली गेली तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जायचं. त्याची खंडपीठं मुंबईत आणि नागपुरातही आहेत.

पोस्टाचा नवा कायदा 18 जून 2024 पासून लागू आहे. नियमांत जेवढी जबाबदारी ठरवून दिली आहे, त्यापलीकडे पोस्ट बांधील नाही. महागडं मशीन विम्याशिवाय पोस्टाने पाठवू नका.

कंपनी ऐकत नसेल तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कुरिअरचं भाडं त्यापेक्षा फारच कमी असतं. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. पण वरची 180 दिवसांची नोटीस दिलेली नसेल तर समोरचा वकील पहिल्या तारखेला तोच मुद्दा काढेल. म्हणून नोटिशीची प्रत आणि तिची पोच तक्रारीला सर्वांत वर लावा.