शत्रूची कुवत आणि शत्रूचा बेत: पॅसिफिकच्या पटावरचे दोन वेगळे अंदाज

पॅसिफिकमधला नौदल युद्धखेळ झाकलेल्या सोंगट्यांनी आणि पंचासह खेळला जात असेल, तर एक क्षण हमखास येतो. सकाळी दहाला टेहळणी विमानाला शत्रूच्या विमानवाहू नौका दिसल्या आणि मग ढगांआड गेल्या. आता दुपारचे चार वाजलेत. खेळाडू दोन प्रश्न एका दमात विचारतो: तो कुठवर पोचू शकतो आणि त्याला जायचंय कुठे? पहिला प्रश्न कुवतीचा, दुसरा बेताचा. दोन्हींचं एकच उत्तर शोधायला गेलं की डाव तिथेच बिघडतो.

कुवत पट्टी आणि घड्याळानं मोजता येते. वेग २५ नॉट (तासाला २५ सागरी मैल) धरला तर सहा तासांत १५० सागरी मैल होतात. शेवटच्या ठिकाणाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याबाहेर तो असूच शकत नाही. बारा तासांनी त्रिज्या ३०० मैल होते, पण शोधायचं क्षेत्र चौपट होतं. म्हणून शिळ्या बातमीच्या जोरावर हल्ला सोडणं महागात पडतं. मग या वर्तुळाला विमानांचा पल्ला जोडा. १९४४ मध्ये जपानी विमानवाहू नौका साधारण ३०० मैलांवरून हल्ला करू शकत, अमेरिकन २०० च्या आसपास. एक बारकावा नवखे हमखास विसरतात. विमानं उडवताना नौकेला वाऱ्याकडे तोंड करावं लागतं. जून १९४४ च्या लढाईत मारियाना बेटांपाशी वारा पूर्वेचा होता. पश्चिमेकडे पाठलाग करणाऱ्या अमेरिकन नौका प्रत्येक उड्डाणासाठी उलट वळायच्या आणि कमावलेलं अंतर गमवायच्या.

पुढचं काम वर्तुळ छाटण्याचं. ताफ्याचा वेग त्यातल्या सर्वांत मंद जहाजाइतका असतो. विनाशिका पूर्ण वेगानं धावल्या की इंधन कितीतरी पटींनी जळतं, त्यामुळे ३० नॉट हा दिवसभराचा वेग धरू नका.

कधी कधी कुवत इतकी आकसते की तीच बेत सांगून जाते. १९४२ मध्ये ग्वाडलकॅनाल बेटावरच्या हेंडरसन फील्ड या अमेरिकन धावपट्टीवरची बाँबफेकी विमानं सुमारे २०० मैलांपर्यंत मारा करत. सैनिक आणि रसद आणणाऱ्या जपानी विनाशिकांना मध्यरात्री बेटाच्या किनाऱ्याला लागायचं असेल, तर ३० नॉट वेगानं २०० मैलांना ६ तास ४० मिनिटं लागतात. म्हणजे त्या संध्याकाळी पाच-साडेपाचला माऱ्याच्या कडेवर असायला हव्यात. दुपारी त्या कुठे दिसल्या एवढ्यावरून आज रात्री फेरी आहे की नाही हे जवळपास ठरवता येतं. रात्री एकला परत निघालेली विनाशिका सकाळी साडेसहापर्यंत १६५ मैल जाते, म्हणजे उजाडल्यावरही माऱ्यातच असते. माल उतरवायला उशीर झाला की सकाळच्या विमानांना ती सापडायची.

बेत असा मोजता येत नाही, तो खुणांवरून ताडावा लागतो. खूण पारखायची कसोटी सोपी आहे: शत्रूचा दुसरा कुठलाही बेत असता, तरी ही खूण अशीच दिसली असती का? उत्तर होकारार्थी असेल तर ती खूण सोडून द्या. विमानवाहू नौका दिसल्या, एवढ्यानं काहीच ठरत नाही. त्या घाव घालायला आल्या असतील किंवा आमिष म्हणूनही. महागड्या, परत न घेता येणाऱ्या खुणा जास्त बोलतात. विनाशिकांतून माणसं आणि तांदूळ नेता येतो, अवजड तोफखाना नेणं कठीण. नोव्हेंबर १९४२ मध्ये जपाननं ११ मंद वाहतूक जहाजं ग्वाडलकॅनालकडे पाठवली, तेव्हा मोठ्या चढाईचा बेत स्पष्ट झाला. हुलकावणीसाठी एवढी किंमत सहसा कोणी मोजत नाही. त्यांपैकी फक्त ४ बेटापर्यंत पोचली. पटावर तेलवाहू जहाजं पुढे सरकली, सैन्याची जहाजं निघाली, की त्यांना विमानवाहू नौकांपेक्षा जास्त वजन द्या.

आता गोंधळाचं सर्वांत मोठं उदाहरण. २४ ऑक्टोबर १९४४, फिलिपाइन्समधलं लेयटेचं आखात, जिथे अमेरिकन सैन्य उतरत होतं. जपानी अ‍ॅडमिरल कुरिताच्या ताफ्यावर दिवसभर हवाई हल्ले झाले, मुसाशी ही बॅटलशिप जबर घायाळ होऊन संध्याकाळी बुडाली, आणि दुपारी ताफा पश्चिमेकडे वळला. अमेरिकन अ‍ॅडमिरल हॅल्सीनं यावरून बेत वाचला: कुरिता माघार घेतोय. उत्तरेला दुसरा जपानी अ‍ॅडमिरल ओझावा याच्या चार विमानवाहू नौका दिसल्या आणि खरा घाव तिथून येणार असं त्यानं ठरवलं. कुवतीचा हिशेब मांडला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. वैमानिकांचे नुकसानीचे आकडे नेहमीच फुगलेले असतात. कुरिताकडे अजून ४ बॅटलशिप आणि ६ अवजड क्रूझर होत्या, आणि लेयटेकडे जाण्यासाठी रात्री सान बर्नार्डिनो सामुद्रधुनी ओलांडण्याइतका वेळही. तो पुन्हा पूर्वेकडे वळल्याचं रात्रीच्या टेहळणी विमानांनी कळवलंही होतं. ओझावाच्या चार नौकांवर मिळून विमानं होती जेमतेम शंभरावर; चारच महिन्यांपूर्वी त्याच्याच नऊ नौकांवर चारशेहून जास्त होती. म्हणजे त्या आमिष होत्या. हॅल्सी आपल्या सहाही वेगवान बॅटलशिप घेऊन उत्तरेला गेला, सामुद्रधुनीवर एकही ठेवली नाही. २५ ला सकाळी समारजवळ कुरितासमोर उरल्या ६ छोट्या विमानवाहू नौका, ३ विनाशिका आणि ४ एस्कॉर्ट विनाशिका.

याच्या उलट जून १९४४ मध्ये अमेरिकन अ‍ॅडमिरल स्प्रुअन्स वागला. मारियानातल्या सायपान बेटावर १५ तारखेला अमेरिकन सैन्य उतरलं होतं. अमेरिकनांच्या हाती लागलेल्या जपानी योजनेत उतरणाऱ्या जहाजांवर बगलेनं हल्ला करण्याची शक्यता होती. ओझावाचा एखादा गट रात्री मागून शिरू शकतो, म्हणून १८ च्या रात्री स्प्रुअन्स पश्चिमेला न जाता सायपानकडे वळला. तसा गट प्रत्यक्षात नव्हताच, आणि वैमानिक अधिकाऱ्यांनी त्याच्यावर बरीच टीका केली. तरीही १९ ला जपाननं तीनशेच्या आसपास विमानं गमावली आणि सायपान सुरक्षित राहिलं. स्प्रुअन्सचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याचं काम सायपान राखण्याचं होतं, आणि राखायचं असतं तेव्हा कुवतच धरायची. बेत चुकीचा ओळखला तरी तो डाव हरला नाही, हॅल्सी मात्र थोडक्यात वाचला.

मग बेतावर कधी पैज लावायची? पॅसिफिकमधल्या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख निमिट्झ यानं जून १९४२ मध्ये मिडवे बेटापाशी लावली, पण तपासून. जपानी संदेशांतलं ‘एएफ’ म्हणजे मिडवे का, हे पाहायला मिडवेवरून साध्या भाषेत संदेश पाठवला गेला की गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय. थोड्याच दिवसांत जपानी संदेशात ‘एएफ’वर पाणी कमी असल्याचं आलं. त्यानंतरच तीन विमानवाहू नौका ईशान्येला दबा धरून बसल्या.

त्याच लढाईआधी जपानी बाजूनं तिसरीच चूक केली: शत्रूचा बेत आपल्याला सोयीचा धरला. मे १९४२ च्या सुरुवातीला यामातो बॅटलशिपवर पटावर सराव झाला. फासे टाकून पंचानं जपानी विमानवाहू नौकांवर ९ बाँब लागल्याचं जाहीर केलं. जपानी ताफ्याचा चीफ ऑफ स्टाफ उगाकी यानं ते ३ वर आणले, आणि बुडालेली कागा ही विमानवाहू नौका पुढच्या मोहिमेत पुन्हा खेळात आली, असं नंतर जपानी नौदल वैमानिक फुचिदानं लिहिलं. अमेरिकन नौका मिडवेवर हल्ला झाल्यावरच पर्ल हार्बरहून निघतील, हे गृहीत शेवटपर्यंत तसंच राहिलं.

पटावर बसल्यावर क्रम पाळा. आधी कागदावर शत्रू करू शकेल अशा सगळ्या चाली लिहा, बेताचा विचार मनात येण्याआधी. प्रत्येकीपुढे वेळ आणि अंतर मांडा. हिशेबात न बसणारी खोडा. उरलेल्यांपैकी जी तुमचं मुख्य ठाणं बुडवू शकते, तिच्यासाठी किमान एक गट राखून ठेवा, ती कितीही कमी संभवनीय वाटली तरी. बाकीचा जोर सर्वांत संभाव्य बेतावर टाका. आणि दर फेरीला नवी बातमी आली की खोडलेल्या चालीही पुन्हा मोजा, कारण वर्तुळ तोवर वाढलेलं असतं.