भयपटांची पुनर्निर्मिती आणि खान्देश

भयपटांची पुनर्निर्मिती : पूर्वी येऊन गेलेल्या आणि प्रेक्षकांच्या मनात ठाण मांडून बसलेल्या भयपटाची कथा, पात्रे व प्रसंगक्रम घेऊन नव्याने चित्रपट करण्याची प्रथा. बोलण्यात ‘रीमेक’ हाच शब्द रूढ आहे. चित्रपटाचा पुढचा भाग किंवा दुसऱ्या भाषेतले डबिंग यांना पुनर्निर्मिती म्हणत नाहीत. विडंबनही एरवी वेगळेच धरतात. खान्देशच्या बाबतीत मात्र तसे धरून चालत नाही. अभिजात भयपटांना पुन्हा हात लावावा की नाही, हा वाद या प्रथेइतकाच जुना आहे.

प्रारंभ : पहिली पुनर्निर्मिती कोणती, यावर एकमत नाही. जादूगार असलेल्या जॉर्ज मेलिएस यांचा १८९६ मधील सुमारे तीन मिनिटांचा मूकपट पहिला भयपट मानण्याची रूढी आहे. त्यात वटवाघूळ, सैतान, सांगाडा असा सगळा सरंजाम असला, तरी मेलिएस यांना प्रेक्षकाला घाबरवायचे होते की हसवायचे, अशी शंका घेतली जाते. १८९७ मध्ये त्यांनीच झपाटलेल्या किल्ल्यावर आणखी एक लघुपट केला. त्याची कल्पना आदल्या वर्षीच्या चित्रपटाशी मिळतीजुळती असल्याने काही जण पुनर्निर्मितीची सुरुवात तिथूनच धरतात. हे मत जरा ताणलेले वाटते. एकाच जादूगाराने आपला खेळ दुसऱ्यांदा लावला, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

खरी अडचण कादंबऱ्यांवरून केलेल्या चित्रपटांची आहे. डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड या एकाच माणसाच्या दोन रूपांची १८८६ मधील कथा १९०८ पासून वारंवार पडद्यावर आली. १९२० मध्ये तर एकाच वर्षी एकाहून अधिक वेळा. यातील प्रत्येक चित्रपट आधीच्याची पुनर्निर्मिती मानायचा, की प्रत्येकाने मूळ पुस्तकच नव्याने वाचले असे समजायचे? एक पक्ष म्हणतो, पुस्तक समाईक असेल तर पुनर्निर्मिती हा शब्दच वापरू नये. दुसऱ्या पक्षाच्या मते मागून येणारा दिग्दर्शक आधीचा चित्रपट पाहिल्यावाचून राहत नाही. यावर एक व्यवहार्य कसोटी अशी : पुस्तकात नसलेली पण पहिल्या चित्रपटात असलेली गोष्ट नंतरच्या चित्रपटात आली आहे का, ते पाहावे. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू नाहीसा होतो, ही कल्पना एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेराटू’ने (१९२२) आणली. वेर्नर हेर्झोग (१९७९) आणि रॉबर्ट एगर्स (२०२४) यांच्या चित्रपटांत ती कायम असल्याने ते मुर्नाऊंच्या चित्रपटाचे वारस ठरतात, कादंबरीचे नव्हेत. या कसोटीने बहुतेक वाद मिटतात, सगळे नाही.

मुर्नाऊंनी कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या, म्हणून आज या परंपरेतला एक आद्य चित्रपट शिल्लक आहे. म्हणजे ज्याला आपण अभिजात आणि अस्पर्श मानतो, तो स्वतःच परवानगीवाचून केलेला नवा अवतार होता. पुनर्निर्मितीला सरसकट विरोध करणाऱ्यांना या उदाहरणाचे उत्तर देणे जड जाते. त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला दुसरा आहे. रूबेन मामूलियन यांच्या १९३१ मधील जेकिल-हाइडपटाने फ्रेडरिक मार्च यांना ऑस्कर मिळवून दिले. दहा वर्षांनी एमजीएम कंपनीने तीच कथा नव्याने केली आणि आपल्या चित्रपटाला स्पर्धा नको म्हणून जुन्याचे हक्क विकत घेऊन तो कित्येक वर्षे वितरणाबाहेर ठेवला. आक्षेप घ्यायचाच तर तो नव्या चित्रपटावर नव्हे, जुना दडपण्यावर घ्यायला हवा.

यशापयशाचा हिशेब : १९५१ च्या परग्रहवासीपटावरून जॉन कार्पेंटर यांनी १९८२ मध्ये केलेला ‘द थिंग’ तिकीटबारीवर पडला, आज मात्र तो मूळ चित्रपटाहून सरस मानतात. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी ‘द फ्लाय’ (१९५८) १९८६ मध्ये पुन्हा केला, तेव्हा माशीचे डोके बसवलेल्या माणसाऐवजी दिवसागणिक सडत जाणारा देह दाखवला आणि एका विज्ञानकथेला दुर्धर आजाराची कळा आली. उलट हिचकॉक यांचा ‘सायको’ (१९६०) गस व्हॅन सँट यांनी १९९८ मध्ये जवळपास चित्रचौकटीगणिक, तीच पटकथा आणि तेच संगीत घेऊन, फक्त रंगीत करून काढला. तो चालला नाही, टीकाकारांनीही त्याला धुऊन काढले. यंत्रसामग्री नवी आणि भीती जुनीच, असा मामला असला की चित्रपट अंगाला लागत नाही, असे यावरून म्हणता येते. जपानी ‘रिंगू’ (१९९८) आणि त्याची २००२ मधील अमेरिकी आवृत्ती या दोन्हींत मरण व्हिडिओ कॅसेटमधून येते. आज कोणी हा चित्रपट पुन्हा करायला घेतला, तर त्याला आधी कॅसेटचा बंदोबस्त करावा लागेल.

भारतीय परंपरा : ‘बीस साल बाद’ (१९६२) शेरलॉक होम्सच्या, बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या कथेवर बेतला आहे, त्याच कथेवरचा बंगाली ‘जिघांसा’ (१९५१) त्याच्या आधीचा. सर्वांत बोलके उदाहरण फाजिल यांच्या मल्याळम ‘मणिचित्रताळ’ (१९९३) या चित्रपटाचे आहे. त्यावरून कन्नड ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळ ‘चंद्रमुखी’ (२००५), बंगाली ‘राजमहल’ (२००५) आणि हिंदी ‘भूलभुलैया’ (२००७) निघाले. मूळ चित्रपटात मल्याळी घरातली सून झपाटल्यावर तमिळ बोलू लागते, कारण मेलेली नर्तकी तमिळ होती. तमिळ आणि कन्नड आवृत्त्यांत ही नर्तकी तेलुगू झाली, हिंदीत बंगाली. घरातल्या माणसाच्या तोंडून अचानक शेजारच्या मुलखाची भाषा यावी, हे भयाचे मर्म या दिग्दर्शकांनी ओळखले आणि प्रत्येकाने आपापला शेजार निवडला. (ही कथा अहिराणीत करायची झाली तर नर्तकीला गुजराती बोलायला लावावे की निमाडी, हा प्रश्न सोपा नाही. नवापूरच्या प्रेक्षकाला गुजराती इतकी सवयीची आहे की तो घाबरायचा नाही.)

मराठीत विशाल फुरिया यांनी आपलाच ‘लपाछपी’ (२०१७) हिंदीत ‘छोरी’ (२०२१) या नावाने पुन्हा केला. रत्नाकर मतकरी आणि नारायण धारप यांच्या कथांमुळे मराठी वाचकाला भयकथेची गोडी लागलेली होती. धारपांनी परदेशी कथाबीजे इथल्या मातीत रुजवली, त्याअर्थी पुनर्निर्मितीचा पाठ मराठीत पडद्याआधी कागदावरच गिरवला गेला.

कायदा : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ‘महल’चा (१९४९) हक्क २००९ अखेर संपला, ‘बीस साल बाद’चा २०२२ अखेर. पण चित्रपट मोकळा झाला म्हणून त्यामागची कथा मोकळी होते असे नाही. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. धारपांचे निधन २००८ मधले, म्हणजे त्यांच्या कथांना अजून बराच काळ परवानगी घ्यावी लागेल. आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो मांडणीवर, असे स्पष्ट केले. यापुढचा मुद्दा वादाचा आहे. चित्रपटाची ‘प्रत’ म्हणजे फितीवरून काढलेली प्रत्यक्ष प्रत, नव्याने चित्रित केलेले दृश्य कितीही सारखे असले तरी ती प्रत नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका जाहिरातीच्या प्रकरणात मानले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, तेही जाहिरातीच्याच प्रकरणात, उलट मत दिले : गाभा आणि आत्मा उचलला असेल तर नवे चित्रीकरणही उल्लंघन ठरू शकते. पुनर्निर्मितीचा विचार करता दिल्लीचे मत अधिक पटणारे आहे. मुंबईच्या मताने गेल्यास ‘सायको’सारखी चौकटीगणिक नक्कल करणाऱ्याला निदान चित्रपटाच्या हक्काचा अडसर राहत नाही, अडवतात ते फक्त पटकथेचे आणि संगीताचे हक्क.

खान्देशातील प्रथा : खान्देश म्हणजे आज जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. मालेगाव त्यात मोडते का, यावर दुमत आहे. हा भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत खान्देश जिल्ह्यात होता. आसपासच्या खेड्यांची बोली अहिराणी आहे, शहरात उर्दूचा जोर आहे. प्रशासकीय नकाशा बाजूला ठेवला तर बागलाण, कळवण यांच्याबरोबर मालेगावही खान्देशात धरणे सोयीचे, आणि चित्रपटाच्या संदर्भात तर अटळच.

याचे कारण ‘मालेगाव के शोले’ (२०००). व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या आणि छोट्या-मोठ्या नोकऱ्या करणाऱ्या मंडळींना घेऊन तो केला. खर्चाचा आकडा सुमारे ५०,००० रुपये सांगतात. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. घोडे परवडत नव्हते हे कारण खरेच, पण सायकल ही त्या शहराच्या रोजच्या जगण्यातली वस्तू असल्याने विनोद आपोआप स्थानिक झाला. मालेगावच्या या धंद्याची दखल फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने (२००८) आणि रीमा कागती यांच्या २०२५ मध्ये पडद्यावर आलेल्या चित्रपटाने घेतली. हे चित्रपट भयपट नव्हेत. पण मूळ चित्रपटाबद्दल अपार प्रेम बाळगून तो आपल्या गल्लीत कसा उतरवावा, याचा याहून चांगला नमुना भयपट करणाऱ्याला सापडणार नाही. प्रेक्षकाला मूळ चित्रपट तोंडपाठ असतो. काय बदलले, तेवढेच पाहायला तो येतो.

हीच मानसिकता भोवाड्यात दिसते. सातपुड्याच्या आणि पश्चिम सह्याद्रीच्या पट्ट्यातील गावांत रात्रभर चालणाऱ्या या मुखवट्यांच्या खेळाचा संबंध काही अभ्यासक दक्षिणेतील दशावतारी परंपरेशी जोडतात, काही आदिवासी विधींशी. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, तरी पुराणातील सोंगे मागाहून मिसळली असावीत. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळाचा ठेका, टेंभ्याचा उजेड. वेताळ, त्राटिका, नरसिंह ही सोंगे दर वर्षी तीच. पोरांना नरसिंह केव्हा येणार हे ठाऊक असते, आणि संबळाची लय बदलली की ती तरीही आईच्या पाठीमागे दडतात. ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही, हा पुनर्निर्मितीविरुद्धचा नेहमीचा युक्तिवाद इथे टिकत नाही.

स्थळांतराच्या दृष्टीने खान्देशाकडे सामग्री कमी नाही. परदेशी भयपटातला शेकोटीचा दिवाणखाना इथे हास्यास्पद दिसेल. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो आणि माणसे रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, झोपायला जातात. खाली रिकामे घर, वर झोपलेली माणसे आणि मध्ये उजेडासाठी छताला ठेवलेले भोक : एवढ्यावर एक अख्खा प्रसंग उभा राहतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत शेतीपंपाची वीज रात्री आली की एकट्याला पाणी भरायला जावे लागते. पाने एकमेकांवर घासतात, बॅटरीचा झोत दोन ओळींपलीकडे पोचत नाही. साप आणि बिबट्या या खऱ्या भीती आधीच हजर असतात. चाळीसगाव तालुक्याने २०१७ मध्ये माणसे मारणाऱ्या बिबट्याचा कहर अनुभवला आहे.

‘लपाछपी’ची कथा उसाच्या फडात घडते, आणि ऊस शहाद्याकडेही आहे. पण त्या चित्रपटाचे खरे भय स्त्रीभ्रूणहत्येचे आहे, आणि ते इथे परके नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. अशा जिल्ह्यात ती कथा पुन्हा करायला निमित्त शोधावे लागत नाही.

मर्यादा : नंदुरबार आणि सातपुड्याच्या भागात बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आले आहेत. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा कृत्यांना शिक्षा ठरवली. जुन्या हिंदी भयपटांतली मोकळ्या केसांची, उलट्या पायांची चेटकीण जशीच्या तशी उचलून या भागात आणणे म्हणून निरुपद्रवी राहत नाही. इथे पटकथेत बदल करावाच लागतो. तिला डाकीण म्हणणारा भगत, पंचांची बैठक, रात्री दाराशी जमलेली भावकी, यांच्या बाजूने न पाहता कॅमेरा त्या बाईच्या घराच्या आत ठेवला तर कथा तीच राहून भय दुसरीकडून येते.

पुनर्निर्मितीला पर्याय म्हणून पुनःप्रदर्शनाचा मार्ग अलीकडे पुढे आला आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर येऊन पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला जमवला. जुना चित्रपट चांगल्या प्रतीत, मोठ्या पडद्यावर मिळत असेल तर तो नव्याने करण्याची घाई उरत नाही. जत्रेतले तंबू आणि गल्लीतले व्हिडिओ पार्लर मागे पडल्यानंतर तालुक्याच्या गावी असा पडदा टिकून आहे का, यावर खान्देशात या पर्यायाचे भवितव्य अवलंबून राहील.