आयोवा कॉकस

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला बहुतेक राज्यांत प्रायमरी होते, म्हणजे साधं मतदान, गेलात, मत टाकलंत, घरी आलात. आयोवात मात्र कॉकस असतो, म्हणजे पक्षाची प्रत्येक वॉर्डातली सभा, ऐन थंडीत संध्याकाळी सात वाजता, कुठे शाळेच्या जिममध्ये तर कुठे चर्चमध्ये. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिथे ते शेजारीपाजारी एकत्र जमून ठरवतात हे आधी डोक्यात घ्यायला हवं.

रिपब्लिकनांचं सोपं असतं, समर्थकांची छोटी भाषणं आणि मग चिठ्ठीवर गुप्त मतदान. खरी गंमत डेमोक्रॅट्सच्या जुन्या पद्धतीत होती (2020 पर्यंत). ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं, मग डोकी मोजायची, आणि बहुतेक ठिकाणी ज्या गटात 15 टक्के लोक नाहीत तो गट बाद. बाद झालेल्यांना ओढायला बाकीचे गट धावायचे, आरोग्य विमा, इराक युद्ध, कोण जिंकून येईल, सगळ्यावर तिथेच वाद, आणि समोर कोण तर मुलांची शिक्षिका नाहीतर रोजचा दुकानदार. मत गुप्त राहत नाही आणि रात्रपाळीवाल्याला येताच येत नाही हे दोन्ही आक्षेप खरे आहेत, पण माणसं समोरासमोर बोलून मत बदलतात हे मला तरी लोकशाहीतलं फार मोलाचं वाटतं.

पक्षनिष्ठेचं म्हणाल तर कॉकसला त्या पक्षात नाव नोंदवलेलं लागतं, पण ती नोंदणी त्याच रात्री दारात करता येते. 2008 साली याचा ओबामांना फायदा झाला, अपक्ष मतदार आणि थोडे रिपब्लिकनसुद्धा डेमोक्रॅट म्हणून नाव लिहून आत आले, एकूण हजेरी जवळपास 2 लाख 40 हजार, आणि हिलरी क्लिंटन तिसऱ्या. याच आयोवाने 2008 आणि 2012 ला मुख्य निवडणुकीत ओबामांना निवडलं आणि 2016 पासून तिन्ही वेळा ट्रम्पना, म्हणजे इथली निष्ठा पक्षापेक्षा माणसावर जास्त आहे असं म्हणायला जागा आहे.

उमेदवार निवडीत सगळ्या राज्यांच्या आधी आयोवाचा नंबर लागायला लागला 1972 पासून, डेमोक्रॅट्सनी 1968 नंतर नियम बदलले त्यातून. 1976 ला फारसे माहीत नसलेले जिमी कार्टर इथूनच पुढे आले, खरंतर तेव्हा सगळ्यात जास्त पाठिंबा 'कोणीच ठरवलेलं नाही' या गटाला होता!

मोजणीने मात्र इज्जत घालवली. 2012 ला रिपब्लिकनांनी आधी रॉम्नी 8 मतांनी पुढे सांगितलं, मग दोन आठवड्यांनी सँटोरम 34 मतांनी. 2020 ला डेमोक्रॅट्सचं निकाल कळवायचं अ‍ॅप कोलमडलं, आकडे कित्येक दिवस अडकले, बुटिजेज आणि सँडर्स दोघांनीही विजयाचा दावा केला. त्यानंतर डेमोक्रॅट्सनी पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला आणि 2024 ला आयोवात उमेदवाराची निवड पोस्टाने झाली, कोपरे गेले, वादही गेले. रिपब्लिकनांनी 15 जानेवारी 2024 ला कडाक्याच्या थंडीत नेहमीसारखाच कॉकस घेतला, तो ट्रम्पनी 51 टक्के मतं मिळवून जिंकला.